हास्याचा ओव्हरड्राफ्ट

चित्रपटावर मत देण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न आपल्याकडे अजून सुटलेला नाही. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथून शिकून आलेली मंडळी चित्रपटाला 'कलाकृती' म्हणतात, छायाप्रकाशाबद्दल बोलतात आणि मध्यंतरात वडा खायला उठत नाहीत. आम्ही पडलो बी. कॉम. आमचे सारे शिक्षण 'नावे' आणि 'जमा' या दोन शब्दांत आटोपले. पण तेवढ्या शिक्षणावरही एक गोष्ट स्पष्ट दिसते. समीक्षक पासावर आत जातो, आम्ही तिकीट काढून जातो. आणि ज्याने पैसे टाकले त्याला निदान पासबुक भरून मागण्याचा हक्क असतो, हे आमच्या काउंटरवर येणारे कुठलेही पेन्शनर आजोबा तुम्हाला सांगतील. तेही मोठ्या आवाजात.

प्रेक्षक म्हणूनही मी फुरसतीचा. वर्षाकाठी थिएटरात दोन-तीन चित्रपट आणि रात्री जेवण झाल्यावर टीव्हीसमोर तासभर. त्या तासातही सौ.ने माझ्यापुढे मटारच्या शेंगांचे नाहीतर लसणीच्या पाकळ्यांचे ताट ठेवलेले असते, कारण नुसते बसून टीव्ही बघणाऱ्या पुरुषाबद्दल तिची मते ठाम आहेत. पण या ताटामुळेच मला समीक्षेची एक कसोटी सापडली. ज्या विनोदाला मटार सोलणारा हात थांबतो, तो खरा विनोद. ज्याला हात चालूच राहतो, तो नुसता आवाज. ही कसोटी कुठल्या विद्यापीठात शिकवीत नाहीत. पण मी ती वर्षानुवर्षे वापरतो आहे आणि आजवर एका शेंगेचाही फरक पडलेला नाही.

तर मुद्दा असा, की वाईट चित्रपट वेगळा आणि निराश करणारा चित्रपट वेगळा. वाईट चित्रपट कुणालाच निराश करीत नाही. पोस्टरवरच तो आपली ओळख देतो, आणि तरीही आत जाणारा माणूस स्वतःच्या जबाबदारीवर जातो. निराश व्हायला आधी आशा लागते. बँकेतही तसेच. ज्याला आम्ही दारातूनच परत पाठवतो, तो आमचे कर्ज बुडवीत नाही. बुडवतो तो, ज्याची कागदपत्रे चोख असतात, जामीनदार भक्कम असतात आणि ज्याला मॅनेजर स्वतः चहा पाजतात. नव्वद दिवस हप्ता थकला, की अशा कर्जाला 'अनुत्पादक' म्हणायचे असा नियम आहे. चित्रपटाच्या बाबतीत मी तोच नियम मिनिटांना लावला आहे. नव्वद मिनिटे एकही हप्ता आला नाही, म्हणजे हात एकदाही थांबला नाही, की खाते अनुत्पादक.

या वर्गातले सगळ्यात मोठे खाते कुठले, असे विचाराल तर मी २०२२ साली आलेल्या 'सर्कस'चे नाव घेईन. पण त्याची थकबाकी समजायला त्या घराण्याचा जुना खातेउतारा बघायला हवा.

प्लॉटस नावाचा एक रोमन नाटककार सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याने सारख्या चेहऱ्याच्या, लहानपणीच ताटातूट झालेल्या दोन भावांवर नाटक लिहिले. पुढे शेक्सपिअरने 'कॉमेडी ऑफ एरर्स' लिहिताना ती कल्पना उचलली आणि मालकांच्या जोडीला नोकरांचेही एक जुळे दिले. म्हणजे भांडवल दुप्पट केले. आपल्या हिंदीत १९६८ साली या कथेवर 'दो दूनी चार' आला. त्याचे लेखन गुलजारांचे होते. तो फारसा चालला नाही. एकदा तोट्यात गेलेल्या धंद्याला दुसऱ्यांदा कर्ज मागायला मोठी हिंमत लागते; पण गुलजारांनी ती दाखवली, आणि १९८२ साली त्याच कथेवर स्वतःच्या दिग्दर्शनाखाली 'अंगूर' काढला. संजीवकुमार दोन, देवेन वर्मा दोन. दोन्ही मालकांचे नाव अशोक, दोन्ही नोकरांचे नाव बहादूर. 'अंगूर'साठी देवेन वर्मांना फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले.

'अंगूर' मी टीव्हीवर किती वेळा पाहिला, ते मोजलेले नाही. पण दरवेळी मटार तसेच राहिले. याचे कारण शोधायचा मी प्रयत्न केला. त्यातला परगावचा अशोक बघा. त्याला रहस्यकथा वाचायचा नाद. द्राक्षांचा मळा विकत घ्यायचा म्हणून जवळ पैसे. अशा अवस्थेत तो अनोळखी गावात उतरतो, आणि तिथला जो तो त्याला नावाने हाक मारू लागतो! त्याची खात्रीच पटते, की ही एक टोळी आहे आणि तिचा डोळा आपल्या पैशांवर आहे. आता सांगा, या माणसाचे काय चुकले? जवळ रोकड बाळगून परगावी निघालेला माणूस कसा वागतो, हे आम्हा बँकवाल्यांना कुणी शिकवायला नको. तो घरची लग्नपत्रिका द्यायला आलेल्या माणसाकडेही संशयाने बघतो. संजीवकुमारने एवढेच केले आहे. डोळे बारीक केले, आवाज खाली आणला आणि जो समोर येईल त्याच्यावर संशय घेतला. तिकडे मौसमी चटर्जीला वाटते, की आपला सख्खा नवरा आपल्याला ओळख देत नाही. ती रडते ते खरे रडते. आपण हसतो, कारण आपल्याला दोघांचीही बाजू ठाऊक असते आणि दोघांचेही म्हणणे बरोबर असते.

थोडक्यात काय, तर 'अंगूर'मधल्या एकाही पात्राला आपण विनोदी चित्रपटात आहोत याचा पत्ता नाही.

यानंतर बरोबर चाळीस वर्षांनी 'सर्कस' आला. मूळ कथा तीच. जुळ्यांच्या दोन जोड्या, रणवीर सिंग दोन, वरुण शर्मा दोन. दिग्दर्शक 'गोलमाल' मालिकेचे रोहित शेट्टी. जोडीला संजय मिश्रा, जॉनी लिव्हर आणि आपला सिद्धार्थ जाधव. जामीनदार बघा कसे एकेक! आणि तरी खाते बुडाले. तिकीटबारीवर बुडाले हे तर सर्वांनी पाहिले. पण मटारच्या ताटावरही बुडाले, हे मी इथे प्रथमच नोंदवतो आहे.

का बुडाले? पहिले कारण असे, की या चित्रपटाचा प्रेक्षकावर विश्वासच नाही. सुरुवातीलाच एक डॉक्टर येऊन आपला प्रयोग समजावून सांगतात: माणूस रक्ताने घडतो की संगोपनाने, हे पाहण्यासाठी मी ही मुले मुद्दाम अदलाबदल करून देतो आहे. अहो, पण आम्ही हसायला आलो आहोत, परिसंवादाला नाही! दुसरे कारण विजेचे. एक जुळा सर्कशीत 'इलेक्ट्रिक मॅन' म्हणून खेळ करतो. त्याच्या अंगातून वीज गेली, की तिकडे दूर दुसऱ्या शहरात दुसऱ्या जुळ्याच्या अंगात करंट येतो आणि त्याला जो हात लावील तो थरथरतो. पहिल्यांदा थरथरला तेव्हा आमचे चिरंजीव हसले. दुसऱ्यांदा त्यांनी पाणी मागितले. त्यानंतर त्यांनी थरथर मोजायला घेतली, आणि मोजू लागलेला प्रेक्षक हसत नसतो हे कॅशियरच्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

'अंगूर'मध्ये गोंधळ होतो तो माणसाच्या स्वभावामुळे. 'सर्कस'मध्ये होतो तो वायरिंगमुळे. आणि तिथे प्रत्येकाला पक्के ठाऊक आहे, की आपण विनोदी चित्रपटात आहोत. कपडे रंगीबेरंगी, भिंती वाढदिवसाच्या केकसारख्या, भुवया सतत वर. जॉनी लिव्हरसारखा एकट्याच्या बळावर सभागृह हलवणारा माणूस. त्याला नुसते चेहरे करायला लावायचे म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटला स्टॅपलरच्या पिना मोजायला बसवण्यासारखे आहे.

ही काही एकट्या 'सर्कस'ची कहाणी नव्हे. त्याआधी २०१४ साली 'हमशकल्स' आला होता. त्यात तीन नट आणि प्रत्येकाच्या तीन-तीन भूमिका. तीन त्रिक नऊ! प्लॉटसकडे चेहऱ्यांची एक जोडी होती, शेक्सपिअरकडे दोन. आमच्याकडे नऊ माणसे झाली तरी शिल्लक शून्यच. अर्थशास्त्रात याला चलनवाढ म्हणतात. नोटा वाढल्या, पण दुकानात माल तेवढाच. मग शंभराच्या नोटेत शेंगदाणेसुद्धा येत नाहीत. याच्या नेमके उलट उदाहरण १९८४ च्या 'ये जो है जिंदगी' या मालिकेचे. त्यात सतीश शाह दर भागात नव्या माणसाची भूमिका करीत. चेहरा एकच, पण माणसे किती! इकडे चेहरे नऊ आणि माणूस एकही नाही.

टीव्हीचा विषय निघालाच आहे, तर 'वागळे की दुनिया'पाशी थांबतो. ही मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली. पात्रे आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शन कुंदन शहा यांचे. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, त्यामुळे मालिकेपेक्षा मला मालिका बघणारे आमचे वडीलच जास्त आठवतात. ते सहसा हसत नसत. वागळे बघताना मात्र त्यांचे खांदे हलू लागत. आवाज अजिबात नाही. आई म्हणायची, "हसायचं तर मोकळेपणी हसा की." ते म्हणायचे, "हसत नाहीये. आठवतंय."

यापेक्षा मोठी समीक्षा मी आजवर वाचलेली नाही.

वागळे हा साधा कारकून. त्याच्या सगळ्या अडचणी महिनाअखेरच्या. बायकोला शब्द दिलेला असतो आणि साहेबाला 'नाही' म्हणता येत नाही. वागळे झालेले अंजन श्रीवास्तव प्रत्यक्षातही बरीच वर्षे बँकेत नोकरी करून अभिनय करीत. हे कळल्यावर मला त्यांच्या अभिनयाचे कौतुक थोडे कमी वाटले आणि आपलेपणा फार वाढला. साहेबासमोर उभे राहताना खांदे किती अंशात खाली यायला हवेत, हे नाट्यशाळेत शिकून येत नाही. त्यासाठी कन्फर्मेशनची वाट बघावी लागते.

या घराण्याच्या विनोदात आधी ठेव ठेवलेली असते. वागळे माणूस म्हणून कसा आहे, कशाला घाबरतो, कशावर जीव टाकतो, हे सारे आधी आपल्या खात्यात जमा होते. मग त्यातून विनोद काढायचा. पैसे काढण्याची रीत तीच आहे. पण टीव्हीवर आणखी दोन घराणी निघाली. त्यांनी शिल्लक नसतानाच पैसे काढायची युक्ती शोधली.

पहिले घराणे यंत्राचे. अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या एका ध्वनितंत्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस हसण्याचे यंत्र तयार केले. ध्वनिफितींवर माणसांचे हसणे साठवलेले, आणि समोर पट्ट्या. ही पट्टी दाबली की गालातल्या गालात हसू, ती दाबली की सातमजली हास्य. लेखकाने विनोद करो अथवा न करो, डग्लससाहेब पेटीवाल्यासारखे बसून साथ करीत. पुढे हे हसू जगभर गेले आणि आपल्याही घरात आले. तिकडे 'मॅश' नावाची एक गाजलेली मालिका होती. कोरियाच्या युद्धातल्या लष्करी इस्पितळाची. विनोदी मालिका म्हणून तिलाही हे यंत्र लावले होते. पण शस्त्रक्रियेच्या दृश्यांत ते बंद ठेवीत. इंग्लंडात बीबीसीने तर ही मालिका हसण्याशिवायच दाखवली, आणि तिथेही लोक आवडीने बघत होते. म्हणजे प्रेक्षकाला कुठे हसावे हे कळते, हे सप्रमाण सिद्ध झालेले आहे.

दुसरे घराणे खुर्चीचे. यंत्राऐवजी जिवंत माणूस बसवायचा. आपल्याकडे २००५ सालच्या 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'मध्ये नवज्योतसिंग सिद्धू खुर्चीत बसून जे हसले, ते हसणे पुढे एक पदच होऊन बसले. एक जण उठला तर दुसरा नेमला जातो. खुर्ची रिकामी राहत नाही. एका रात्री सौ.ने मला विचारले, "अहो, यात हसायचं कुठे?"

"ते खुर्चीतले हसताहेत ना, तिथे."

"मग आपण कशाला हसायचं? त्यांचं चाललंय ना!"

मला वाटते, या घराण्याचा पराभव तिने एका वाक्यात लिहून ठेवला आहे. ज्याने आमच्या वतीने जेवायचेही काम घेतले, त्याच्या पंगतीत आम्हाला भूक कशी लागणार?

आता साडीबद्दल. पुरुषाने साडी नेसून विनोद करण्याला माझा विरोध नाही. मराठी माणसाचा असूच शकत नाही. अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त विजय चव्हाणांनी धमाल उडवली. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'त सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साड्या नेसले आणि अजून महाराष्ट्र त्या साड्यांची घडी मोडून हसतो आहे. पण ते साड्या का नेसले? पुण्यात भाड्याने खोली मिळेना म्हणून. ज्याने कधी भाड्याने जागा शोधली आहे, त्याला ठाऊक आहे की खोलीसाठी माणूस साडीच काय, सोवळेही नेसेल. हसू आले ते त्या गरजेचे आणि पकडले जाण्याच्या भीतीचे. अलीकडच्या कित्येक कार्यक्रमांत पुरुष साडी नेसून नुसता येतो. गरज नाही, भीती नाही. साडी हाच विनोद. मग साडी पुरेशी होत नाही, तेव्हा जाडेपणा येतो. तो पुरत नाही तेव्हा रंग, टक्कल, तोतरेपणा आणि सरतेशेवटी बायकोचे माहेर.

तुम्ही म्हणाल, जाऊ द्या हो. दोन घटका करमणूक. बघायचे नसेल तर बटण दाबा. दाबतोच की. पण हा विनोद बटण दाबून बंद होत नाही, म्हणून तर हा लेख लिहितो आहे.

आमच्या शाखेत एक सहकारी आहेत. देह भारदस्त. नोटांच्या बाबतीत हात असा, की खोटी नोट मशीनच्या आधी त्यांच्या बोटांना कळते. एका रात्री कुठल्याशा विनोदी कार्यक्रमात एका जाड पात्राला एक नाव पडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला ते नाव आमच्या काउंटरवर रुजू झाले. कुणी आणले ते कळले नाही. त्या कार्यक्रमातल्यासारखा 'ढुम्म' असा आवाजही त्यासोबत आला. आमचे सहकारी हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. रोज हसले. महिन्याभराने माझ्या लक्षात आले, की ते डबा आमच्यात खात नाहीत. रेकॉर्ड रूममध्ये नेऊन खातात. मी विचारले तर म्हणाले, "काही नाही हो, तिथे शांत असतं." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि तिथे चपात्या कुणी मोजत नाही."

चपात्या मोजणारे आम्ही सगळे सज्जनच आहोत. घरी आई-वडिलांना सांभाळणारे, गणपतीची वर्गणी वेळेवर देणारे. पण त्या खुर्चीतल्या हसण्याने आम्हाला एक सवय लावली. आवाज आला की हसायचे. पुढे बघायचे नाही, की रक्कम कुणाच्या नावे पडली.

बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकलेली एक गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. कुठलीही रक्कम कुणाच्या तरी जमेला पडली, की तेवढीच दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडते. विनोदाचेही तेच आहे. फुकटचे हसू जगात नाही. 'अंगूर'मधले हसू संशयी स्वभावाच्या नावे पडले, आणि संशय तर आपल्या सगळ्यांकडेच आहे. वागळेचे हसू त्याच्या भित्रेपणाच्या नावे पडले. आमच्या वडिलांनी त्यातला निम्मा हिस्सा खांदे हलवून स्वतः भरला. ते जॉइंट खाते होते. आजच्या 'ढुम्म'चा सगळा खर्च मात्र रेकॉर्ड रूममध्ये बसून डबा खाणारा एकटा माणूस भरतो, आणि वर आम्ही म्हणतो, त्याला काही वाटत नाही, तोही हसतो की!

सगळेच बिघडले आहे असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणायला माणूस निवृत्त व्हावा लागतो. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ मध्ये सुरू झाली. खुर्च्या तिच्यातही आहेत. पण समीर चौघुले एखादा अवघडलेला, शब्द शोधणारा मनुष्य उभा करतात, तेव्हा खुर्चीतले लोक हसायच्या आधी आमच्या घरात सौ. हसलेली असते. २०२० साली आलेल्या 'पंचायत'मध्ये तर न खुर्ची, न यंत्र. फुलेरा नावाच्या गावी नोकरीवर आलेला एक नाखूष सचिव. त्याने चाकांची खुर्ची घेतली, की प्रधानजींपेक्षा त्याची खुर्ची वरचढ ठरते आणि त्यावर एक अख्खा भाग रंगतो. ज्याने बँकेत नवीन खुर्च्यांचे वाटप पाहिले आहे, त्याला यात काही अतिशयोक्ती वाटणार नाही. तो भाग बघताना ताटातले मटार तसेच राहिले आणि दुसऱ्या दिवशी डब्याला बटाट्याची भाजी आली. तक्रार नाही.

तेव्हा चित्रपट आणि मालिका काढणाऱ्यांना एका खातेदाराची एवढीच विनंती आहे. जुळी दोन आणा, चार आणा, परवडत असतील तर नऊ आणा. साड्या नेसा, सर्कस काढा. पण आधी एखादा माणूस आमच्या खात्यात जमा करा, आणि मग बाजूला व्हा. कुठे हसायचे ते आम्ही बघून घेऊ. आमचे हसू आमच्याच सहीने निघू द्या.